स्तनातील लहान गाठीवर लेझर उपचार घ्यायचा असेल तर

मॅमोग्राफीत दिसलेली गाठ जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची असते, हाताला लागतही नाही, आणि तरीही बायोप्सीच्या अहवालात कर्करोग असा शब्द येतो. एवढ्याशा गाठीसाठी शस्त्रक्रिया कशाला, ती सुईने आतल्या आत जाळून टाकता येणार नाही का, असा प्रश्न अशा वेळी मनात येतोच. हा प्रश्न भाबडा नाही. तीस वर्षांहून अधिक काळ काही शल्यचिकित्सक आणि रेडिओलॉजिस्ट याच प्रश्नावर काम करत आहेत, आणि लहान गाठ लेझरच्या उष्णतेने नष्ट करता येते, हे त्यांनी दाखवलेही आहे. मात्र स्तनाच्या कर्करोगासाठी लेझर हा आजही प्रमाणित उपचार नाही. प्रमाणित उपचार म्हणजे गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढणे, काखेतील ग्रंथींची तपासणी करणे, आणि त्यानंतर गरजेप्रमाणे रेडिएशन व औषधे देणे. लेझर बहुतेक ठिकाणी संशोधनाचा भाग म्हणून किंवा फार निवडक रुग्णांनाच दिला जातो. हा लेख वाचून कोणी ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. लेझरचा पर्याय समोर आलाच, तर कोणत्या क्रमाने काय तपासावे, काय विचारावे आणि नंतर कशाकडे लक्ष ठेवावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

शस्त्रक्रिया आणि लेझर यांच्यातला खरा फरक टाक्यांच्या किंवा व्रणाच्या लांबीत नाही. शस्त्रक्रियेत गाठ अखंड बाहेर येते आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती पडते. तिचा आकार मोजला जातो, जात ओळखली जाते, चारी कडांना शाई लावून कर्करोगाच्या पेशी कडेपर्यंत पोहोचल्या आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. लेझरने गाठ जागच्या जागी मरते, आणि तिच्याविषयी पुढे काही विचारण्याची सोयही तिच्याबरोबर संपते. म्हणून जे काही जाणून घ्यायचे ते उपचारापूर्वीच जाणून घ्यावे लागते, आणि कडा तपासून जी खात्री एका अहवालात मिळाली असती ती नंतर वारंवार तपासण्या करून मिळवावी लागते. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका फरकातून निघतात.

लेझर आत काय करतो

लेझर म्हटले की कापणारी किंवा भेदून जाणारी किरणरेषा डोळ्यांपुढे येते. येथे तसे काही घडत नाही. त्वचेतून एक पोकळ सुई गाठीच्या मध्यापर्यंत नेली जाते आणि तिच्यातून काचेचा बारीक तंतू आत सरकवला जातो. तंतूच्या टोकातून बाहेर पडणारा अवरक्त प्रकाश आसपासच्या ऊतींमध्ये शोषला जातो व त्याची उष्णता होते. साधारण ५० अंश सेल्सियसला पेशी मरायला काही मिनिटे लागतात. ६० अंशांना त्यांच्यातील प्रथिने जवळजवळ तत्काळ गोठतात, जसा उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग गोठतो तशी. तापमान १०० अंशांपुढे गेले तर मात्र ऊतींमधील पाण्याची वाफ होते, तंतूच्या टोकाशी कोळसा जमतो आणि तो कोळसाच प्रकाश अडवू लागतो, त्यामुळे उष्णता बाहेरच्या भागापर्यंत पोहोचत नाही. म्हणून शक्ती मोठी ठेवून झटपट काम उरकण्यापेक्षा थोडी शक्ती बराच वेळ देणे, हे या उपचाराचे तंत्र आहे. स्तनाच्या गाठींसाठी ५ ते ७ वॅट इतक्याच शक्तीचे लेझर वापरले गेले आहेत, आणि टोक जळू नये म्हणून सुईतून सलाईनचा बारीक प्रवाह सोडला जातो.

ऊतींच्या आत तंतू घालून गाठ तापवण्याची ही कल्पना लंडनमधील डॉक्टर स्टीफन बाऊन यांनी १९८३ मध्ये मांडली. स्तनाच्या लहान कर्करोगासाठी तिचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा शिकागोमधील शल्यचिकित्सक डॉक्टर कांबिझ दौलत यांनी केला. लेझरच्या सुईला समांतर, सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर, तापमान मोजणारी दुसरी सुई ठेवण्याची पद्धत त्यांच्या कामातून पुढे आली. या दुसऱ्या सुईचे महत्त्व रुग्णाने समजून घेण्यासारखे आहे. गाठीच्या मध्यभागी किती अंश झाले, याला फारसा अर्थ नाही. गाठीच्या पलीकडच्या निरोगी काठावर ६० अंश झाले का, हे महत्त्वाचे, कारण कर्करोगाच्या पेशी सुटतात त्या काठावरच. शेजारून एखादी मोठी रक्तवाहिनी जात असेल तर तिच्यातील वाहते रक्त उष्णता वाहून नेते आणि त्या बाजूचा भाग पुरेसा तापत नाही. तापमान केवळ अंदाजाने ठरवले जाणार असेल, तर तो उपचार घेण्याआधी थांबून विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपचारापूर्वीची कागदपत्रे

सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे कोअर बायोप्सीचा, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, संपूर्ण अहवाल. बारीक सुईने केवळ पेशी ओढून केलेली तपासणी येथे पुरत नाही, कारण तिच्यावरून कर्करोग भोवतालच्या ऊतींत शिरला आहे की दुग्धनलिकेतच आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. अहवालात कर्करोगाची जात, त्याची श्रेणी (पेशी किती आक्रमक दिसतात), ईआर व पीआर या हार्मोन-ग्राहकांचा, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या पेशींतील प्रथिनांचा, निकाल आणि हर-टू या पेशींची वाढ चालवणाऱ्या ग्राहकाचा निकाल, या सर्व गोष्टी लिहिलेल्या हव्यात. यातले काही राहिले असेल, किंवा हर-टूचा निकाल संदिग्ध म्हणून पुढच्या चाचणीसाठी पाठवला असेल, तर तो येईपर्यंत लेझरची तारीख घेऊ नये. शस्त्रक्रियेत राहून गेलेली तपासणी काढलेल्या गाठीवर करता येते. जळलेल्या गाठीवर ती करता येत नाही.

याच कारणासाठी बायोप्सीत घेतलेल्या नमुन्यांची संख्या विचारावी, आणि हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हार्मोन-ग्राहक असलेल्या लहान कर्करोगात केमोथेरपीचा उपयोग होईल की नाही, हे ठरवण्यासाठी गाठीतील जनुकांची चाचणी करतात. तिला पुरेशी ऊती लागते. दोन बारीक नमुन्यांपैकी बहुतेक भाग पहिल्याच तपासण्यांत खर्ची पडला असेल, तर पुढे या चाचणीची गरज निर्माण झाली तेव्हा हाती काही उरलेले नसते. उपचाराआधी आणखी एक-दोन नमुने घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे, आणि मेणात जतन केलेले नमुने कोठे व किती काळ ठेवले जातील याची नोंद आपल्या फाइलमध्ये ठेवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे गाठीचा आकार, आणि तो एकाच यंत्राने मोजलेला नसावा. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून चित्र उजळवणारे औषध) देऊन केलेला एमआरआय या तिन्हींतील मापे शेजारीशेजारी लिहून पाहावीत. ती साधारण जुळत असतील तर चांगलेच. पण सोनोग्राफीत १२ मिलिमीटर आणि एमआरआयमध्ये २५ मिलिमीटर असे दिसत असेल, तर खरी गाठ कोणती, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. लेझरने एका सुईभोवती साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर व्यासाचा गोल नष्ट होतो. त्या गोलात गाठही बसली पाहिजे आणि तिच्या सर्व बाजूंनी निरोगी ऊतींचा पट्टाही. हे गणित दीड सेंटिमीटरपर्यंत आरामात जमते, दोन सेंटिमीटरच्या आसपास ओढाताण होते, आणि त्यापुढे जमत नाही.

बायोप्सीच्या वेळी गाठीत धातूची बारीक खूण ठेवली आहे का, हेही पाहावे. काही वेळा बायोप्सीतच, विशेषतः निर्वात दाबाने ऊती ओढून घेणारी जाड सुई वापरली असेल तर, लहान गाठीचा मोठा भाग निघून जातो आणि त्या जागी रक्त साकळते. मग लेझरची सुई नेमकी कोठे न्यायची हे दिसत नाही. अशा वेळी रक्त जिरेपर्यंत थांबून पुन्हा सोनोग्राफी किंवा एमआरआय करणे योग्य ठरते.

कोणासाठी हा मार्ग नाही

स्तनाच्या कर्करोगाची एक जात लोब्युलर म्हणून ओळखली जाते. तिच्या पेशी एकमेकींना धरून गोळा होत नाहीत. त्या एकामागे एक अशा रांगेने पसरतात, आणि त्यामुळे मॅमोग्राफी व सोनोग्राफीत त्यांचा खरा विस्तार पुष्कळदा कमी दिसतो. काठ दिसत नसेल तर काठाच्या पलीकडे किती जाळायचे, हे ठरवणार कसे? म्हणून अशा रुग्णांना या उपचाराच्या अभ्यासांतून साधारणपणे वगळले जाते. मुख्य गाठीभोवती दुग्धनलिकांत पसरलेला प्राथमिक कर्करोग, मॅमोग्राफीत दूरवर विखुरलेले चुन्याचे कण, किंवा एकाच स्तनात एकाहून अधिक गाठी असतील तरीही उत्तर नाही असेच येते.

त्वचेपासूनचे आणि छातीच्या स्नायूपासूनचे अंतरही पाहावे लागते. गाठ त्वचेला लागून असेल तर त्वचा भाजते, स्नायूला टेकलेली असेल तर स्नायू. मध्ये सलाईन किंवा भुलीचे औषध टोचून थोडे अंतर तयार करता येते, पण मुळात साधारण एक सेंटिमीटरची मोकळीक असलेली गाठ या उपचारासाठी अधिक योग्य. स्तनाग्राच्या अगदी मागे असलेल्या गाठीलाही हीच अडचण येते.

हर-टू सकारात्मक, किंवा तिन्ही ग्राहक नसलेला कर्करोग असेल तर विशेष सावध राहावे. या जातींत गाठ लहान असूनही औषधोपचार महत्त्वाचा असतो. काही रुग्णांना तो आधी देऊन मग शस्त्रक्रिया करतात आणि काढलेल्या ऊतींत कर्करोग उरला आहे की नाही, यावरून पुढची औषधे ठरवतात. गाठ जाळून टाकल्यास त्या निर्णयाचा आधारच नाहीसा होतो. गरोदर स्त्रिया, काखेत कर्करोग पोहोचल्याचे आधीच सिद्ध झालेल्या स्त्रिया, आणि बीआरसीए जनुकात दोष आढळल्याने दोन्ही स्तनांविषयीच मोठा निर्णय घ्यावा लागणाऱ्या स्त्रिया यांनीही आधी प्रमाणित मार्गाचा विचार करावा.

राहिली ती हार्मोन-ग्राहक असलेली, हर-टू नकारात्मक, एकच, स्पष्ट काठाची, कमी श्रेणीची, दीड सेंटिमीटरपर्यंतची गाठ. वय अधिक असेल, किंवा हृदय वा फुप्फुसांच्या आजारामुळे पूर्ण भूल धोक्याची असेल, तर या उपचाराचे पारडे थोडे जड होते.

डॉक्टरांना काय विचारावे

पहिला प्रश्न असा की लेझरनंतर गाठीची जागा शस्त्रक्रियेने काढली जाणार आहे की तशीच ठेवली जाणार आहे. दोन्ही प्रकारचे अभ्यास होतात, आणि संमतीपत्रावर सही करताना रुग्णाला यातला फरक स्पष्ट झालेला नसतो, ही मला फार गंभीर बाब वाटते. पहिल्या प्रकारात लेझर हा शस्त्रक्रियेआधीचा एक जादा टप्पा असतो. त्यातून ज्ञान मिळते, पण रुग्णाची शस्त्रक्रिया टळत नाही. दुसऱ्या प्रकारात शस्त्रक्रिया टळते, पण कर्करोग पूर्ण मेला का, याचे उत्तर तपासण्यांच्या चित्रांवरच सोपवावे लागते.

ते उत्तर किती विश्वासार्ह असते, हे पहिल्या प्रकारच्या अभ्यासांवरूनच कळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ६१ स्त्रियांवर लेझर उपचार करून नंतर ती जागा काढून तपासण्यात आली. ८४ टक्के स्त्रियांत गाठ पूर्ण नष्ट झाली होती, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीत कर्करोगाचा काही अंश शिल्लक होता. लेझरनंतरच्या एमआरआयने काही शिल्लक नाही असे सांगितले तेव्हा ते सुमारे ९२ टक्के वेळा खरे ठरले. उरलेल्या स्त्रियांत चित्र स्वच्छ होते आणि पेशी जिवंत होत्या.

हे आकडे वाचताना शस्त्रक्रियेशी प्रामाणिक तुलनाही करावी. केवळ गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही साधारण पाचांतील एका स्त्रीला कडेला पेशी आढळल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे पहिल्या प्रयत्नात काही उरणे ही केवळ लेझरची उणीव नाही. मात्र शस्त्रक्रियेत काही उरले असण्याची शक्यता कडांच्या अहवालावरून काही दिवसांतच समोर येते. लेझरमध्ये ती महिन्यांनी, कदाचित वर्षांनी, पुन्हा गाठ वाढल्यावर समोर येऊ शकते.

त्यानंतर, या डॉक्टरांनी असे किती उपचार केले आहेत, त्यांतील किती रुग्णांवर किती वर्षे लक्ष ठेवले आहे, आणि उपचार अपुरा ठरल्यास पुढची शस्त्रक्रिया कोण, कोठे व कोणाच्या खर्चाने करणार, हे विचारावे. उपचार संशोधनाचा भाग असेल तर नैतिकता समितीची मान्यता आहे का, आणि कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडता येते का, याची लेखी माहिती मागावी. संशोधनही नाही आणि प्रमाणित मार्गदर्शनातही नाही, तरीही बिनटाक्याचा उपचार म्हणून लेझर पुढे केला जात असेल, तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. शल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिएशन व औषधांचे तज्ज्ञ एकत्र बसून ज्या बैठकीत रुग्णाचा विचार करतात, त्या बैठकीत आपली केस मांडावी, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

गाठ जागीच नष्ट करण्याच्या इतर पद्धतींविषयीही विचारून ठेवावे, कारण त्यांपैकी काहींचा पुरावा आज लेझरपेक्षा अधिक भक्कम आहे. गाठ गोठवून मारण्याच्या पद्धतीच्या एका अभ्यासात साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या, दीड सेंटिमीटरपर्यंतच्या कमी जोखमीच्या गाठी असलेल्या १९४ स्त्रियांवर नंतर शस्त्रक्रिया केली नाही, आणि पाच वर्षांत त्याच स्तनात कर्करोग परतण्याचे प्रमाण ४.३ टक्के आढळले. रेडिओ-लहरींच्या उष्णतेने गाठ नष्ट करण्याच्या पद्धतीला जपानने डिसेंबर २०२३ पासून, दीड सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी, राष्ट्रीय आरोग्य विम्यात स्थान दिले.

उपचाराची तयारी आणि तो दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी व किती दिवस थांबवायच्या, किंवा थांबवायच्याच नाहीत, हे त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. स्वतःहून बंद करू नयेत. भुलीच्या औषधाची ॲलर्जी, पेसमेकर, मधुमेहाची औषधे आणि पूर्वी स्तनात घातलेले सिलिकॉनचे कृत्रिम रोपण यांची माहिती आधीच द्यावी. त्या दिवशी समोरून उघडणारे सैल कपडे आणि घट्ट आधार देणारी, तार नसलेली ब्रा सोबत न्यावी. स्तनावर पावडर, तेल किंवा सुगंधी द्रव्य लावू नये. सोबत एक जण असावा, कारण परतताना स्वतः वाहन चालवणे योग्य नाही.

उपचार दोन पद्धतींनी होतो. गाठ फक्त मॅमोग्राफीतच दिसत असेल तर रुग्णाला विशेष टेबलावर पालथे झोपवतात, टेबलाच्या खाचेतून स्तन खाली येतो आणि दोन कोनांतून घेतलेल्या चित्रांच्या आधारे सुईची जागा ठरते. सोनोग्राफीत गाठ दिसत असेल तर उताणे झोपवून तिच्याच मदतीने सुई घालतात. दोन्ही पद्धतींत केवळ त्या जागेपुरती भूल दिली जाते. आधी त्वचेला आणि नंतर गाठीच्या सभोवार, अगदी मागच्या बाजूलाही, औषध टोचतात. हा टप्पा घाईने उरकू देऊ नये. मागच्या बाजूची भूल अपुरी राहिली तर ऊब वाढल्यावर दुखते, रुग्ण हलतो आणि सुई जागची सरकते.

लेझर सुरू करण्यापूर्वी खोलीतील सर्वांना, रुग्णालाही, संरक्षक चष्मा दिला जातो. प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच चष्मा अधिक आवश्यक. मग साधारण पंधरा ते वीस मिनिटे, कधी त्याहून अधिक, तंतूतून ऊर्जा दिली जाते. या काळात दडपण आणि ऊब जाणवणे अपेक्षित आहे. टोचल्यासारखी किंवा भाजल्यासारखी वेदना अपेक्षित नाही. ती झाली तर सहन करून गप्प राहू नये, तत्काळ सांगावे, म्हणजे लेझर थांबवून पुन्हा भूल देता येते. खोकला येणार असेल तर तोही आधी सांगावा. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठीच्या जागी पांढरा ढग पसरताना दिसतो. तो उष्णतेने तयार झालेल्या बुडबुड्यांचा असतो, आणि तो पाहून गाठ संपली असे मानता येत नाही. म्हणूनच तापमानाच्या सुईवर अवलंबून राहावे लागते. शेवटी त्या भागातील रक्तप्रवाह थांबला आहे का, हे डॉप्लर सोनोग्राफीने पाहतात, जागेच्या कडेला धातूच्या खुणा ठेवतात, सुई काढून काही मिनिटे दाब देतात आणि पट्टी लावतात. टाके लागत नाहीत व बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. सगळे मिळून एक ते दोन तास धरावेत.

निघण्यापूर्वी उपचाराची लेखी नोंद मागून घ्यावी. तीत किती वॅट शक्ती, किती वेळ, कोणत्या सुईवर किती तापमान, आणि खुणा कोठे ठेवल्या, हे लिहिलेले असावे.

पहिले काही आठवडे

दोन-तीन दिवस दुखणे, काळेनिळे होणे आणि थोडी सूज स्वाभाविक आहे. डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, आणि रात्रीही घातलेली आधाराची ब्रा यांनी आराम पडतो. त्वचेवर फोड किंवा पांढरट-काळपट डाग दिसणे, लाली पसरत जाणे, ३८ अंशांवर ताप, सुईच्या जागेतून पू, किंवा धाप लागणे ही वाट पाहत बसण्याची लक्षणे नाहीत. त्याच दिवशी संपर्क साधावा.

एका गोष्टीची मात्र आधीपासून मनाची तयारी करावी, कारण ती न सांगितल्यामुळे स्त्रिया विनाकारण घाबरतात. गाठ जळाली तरी ती नाहीशी होत नाही. उलट जाळलेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठा असल्यामुळे, पूर्वी हाताला न लागणारी गाठ आता टणक गोळा म्हणून हाताला लागू शकते. पुढे काही महिन्यांत शरीर मेलेल्या पेशी हळूहळू उचलून नेते, चरबी विरघळून तेलकट द्रवाची पिशवी तयार होऊ शकते, आणि त्या जागी कठीण व्रण राहतो. हा गोळा हळूहळू आकसत जाणे किंवा आहे तेवढा राहणे ठीक. तो पुन्हा वाढू लागला तर तपासणी हवी.

लेझरने काय भागत नाही

लेझर केवळ गाठ काढण्याच्या टप्प्याची जागा घेतो. काखेतील ग्रंथींचा प्रश्न तसाच राहतो. गाठीकडून निघणारा लसिकाप्रवाह सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचतो तिला सेंटिनल नोड म्हणतात, आणि ती काढून तपासण्यासाठी लहानशी शस्त्रक्रिया लागते. वय सत्तर किंवा अधिक, हार्मोन-ग्राहक असलेली लहान गाठ आणि तपासणीत स्वच्छ काख, अशा स्त्रियांत ती टाळता येते. ती करायची असेल तर केव्हा होणार, लेझरच्या आधी की नंतर, हे ठरवून घ्यावे. शस्त्रक्रिया टाळण्यासाठी लेझर निवडला आणि काखेसाठी शस्त्रक्रियागृहात जावेच लागले, असे होणार असेल तर लाभ किती उरतो, याचा शांतपणे हिशेब करावा.

रेडिएशनचेही तसेच आहे. पासष्ट किंवा त्याहून अधिक वयाच्या, हार्मोन-ग्राहक असलेल्या कमी जोखमीच्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात रेडिएशन न घेतलेल्यांत दहा वर्षांत त्याच स्तनात कर्करोग परतण्याचे प्रमाण ९.५ टक्के, तर घेतलेल्यांत ०.९ टक्के होते. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. हा निष्कर्ष दाखवून लेझरनंतर रेडिएशन नको, असे सांगितले जाण्याची शक्यता आहे. पण त्या स्त्रियांची गाठ शस्त्रक्रियेने काढलेली होती आणि कडा स्वच्छ असल्याची पॅथॉलॉजीची खात्री होती. लेझरनंतर ती खात्री नसते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इकडे लावता येत नाही. हार्मोनविरोधी गोळ्या लागू असतील तर त्या किमान पाच वर्षे नियमित घ्याव्यात. त्या जाचक वाटल्या तर परस्पर सोडू नयेत, बदलून मागाव्यात.

पुढील तपासण्या

पहिला कॉन्ट्रास्ट एमआरआय साधारण महिन्याभराने करतात. त्यात मधला भाग काळा, म्हणजे रक्तपुरवठा नसलेला, आणि त्याभोवती पातळ उजळ कडी दिसणे अपेक्षित असते. ती कडी भाजल्यानंतरच्या सुजेची असते. कडी सगळीकडे सारखी आहे का, याकडे लक्ष द्यावे. एका बाजूला जाड किंवा गुठळीसारखा उजळ भाग दिसला तर तेथे पुन्हा बायोप्सी करून घ्यावी, पुढच्या तपासणीपर्यंत वाट पाहू नये. त्यानंतर पहिली काही वर्षे ठरवून दिलेल्या अंतराने मॅमोग्राफी व सोनोग्राफी, आणि सांगितल्यास एमआरआय करावा. तपासणी शक्यतो एकाच ठिकाणी व्हावी. केंद्र बदललेच तर जुनी सर्व चित्रे आणि उपचाराची लेखी नोंद नव्या रेडिओलॉजिस्टसमोर ठेवावी, कारण लेझरनंतरच्या व्रणाचे आणि चुन्याच्या कणांचे चित्र माहीत नसलेल्या डोळ्यांना नव्या कर्करोगासारखे दिसू शकते, आणि खरा परतलेला कर्करोग जुना व्रण म्हणून सुटूही शकतो.

बायोप्सी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टलाही लेझर झाल्याचे विनंतीपत्रात लिहून कळवावे. उष्णतेने मेलेल्या पेशी नेहमीच्या रंगाखाली काही वेळा जिवंत पेशींसारख्याच दिसतात. त्या खरोखर मेल्या आहेत का, हे ओळखण्यासाठी पेशींतील विकरांची (एन्झाइमांची) क्रिया दाखवणारी वेगळी तपासणी लागते, आणि तिच्यासाठी नमुना फॉर्मालिन या जतन करणाऱ्या द्रवात न घालता ताजा किंवा गोठवलेला पाठवावा लागतो. म्हणून बायोप्सीच्या आधीच रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांचे एकमेकांशी बोलणे झालेले असावे. कर्करोगाचा अंश उरल्याचे निष्पन्न झाले, तर गाठ आणि व्रण मिळून काढण्याची शस्त्रक्रिया त्यानंतरही करता येते. तिची तारीख काही आठवड्यांतली घ्यावी, आणि बाहेर आलेल्या ऊतींवर ईआर, पीआर व हर-टू पुन्हा तपासून घ्यावे.